बी फॉर्म घेण्याआधी सातव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडा

पत्र थोडक्यात असं: बँकेतून निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलेले एक वाचक गेल्या वर्षी सोसायटीचे सचिव झाले. इमारत सात मजली, 28 सदनिका, समुद्र जवळच. निम्म्याहून जास्त सभासद मुंबई-ठाण्यात राहतात, गणपतीत आणि मे महिन्यात येतात. इमारतीत बिल्डरने बसवून दिलेली हायड्रंटची, म्हणजे आगीसाठी मजल्यामजल्यावर पाणी पोचवणारी, यंत्रणा आहे: खाली टाकी आणि पंप, जिन्याच्या कडेने वर गेलेला लाल पाइप, मजल्यामजल्यावर होज (पाणी मारायची लवचीक नळी) ठेवायचा बॉक्स. ती शेवटची कधी चालवली, हे कुणाला आठवत नाही. काही होज नाहीत, पितळी नोझल दोनच उरलेत. आता यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, देणाऱ्या एका एजन्सीचा माणूस फोनवर म्हणतो, "पैसे पाठवा, बी फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर येईल, आम्हाला यायची गरज नाही." समितीतले बाकीचे म्हणतात, घेऊन टाका. वाचक विचारतात: आजवर कोणी विचारलं नाही, तर आपणहून कागद देऊन नोटीस ओढवून घ्यायची का? आग विझवणं हे अग्निशमन दलाचं काम नाही का? मे महिन्यात पाणी नसतं तेव्हा आगीच्या टाकीतलं पाणी वापरलं तर काय बिघडलं? आणि कोणी ऐकलंच नाही तर राजीनामा द्यावा का?

नमस्कार,

तुम्ही हे पत्र पाठवलंत, म्हणजे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद तुमच्या मनाला पटलेला नाही. तो घेऊ नका. हे पहिलं उत्तर आणि त्यावर माझ्या मनात शंका नाही.

समितीतल्या मंडळींना वाटतं की बी फॉर्म हातात असला की आपण सुटलो. कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 प्रमाणे यंत्रणा बसवणं आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. तुमच्या बाबतीत ती सोसायटीची. यंत्रणा सुस्थितीत आहे असा परवानाधारक एजन्सीचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. यालाच आपण बी फॉर्म म्हणतो. आणि याच कायद्यात एजन्सीला स्पष्ट मनाई आहे: प्रत्यक्ष देखभाल झालेली नसताना, यंत्रणा चालू नसताना असा दाखला द्यायचा नाही. म्हणजे न येता पाठवलेला फॉर्म हा देणाऱ्याचाही गुन्हा. उद्या काही झालं आणि चौकशी आली, तर तो कागद तुमच्या बाजूने बोलणार नाही. सोसायटीला यंत्रणा तपासायला हवी हे माहीत होतं आणि तपासली नाही, एवढंच त्यातून दिसेल. सोबतच्या पत्रावर सचिव म्हणून सही तुमची असेल. कायद्याच्या कलम 36 मध्ये तुरुंगवास आणि दंड, दोन्हीची तरतूद आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल बोलू. सगळा गुंता तिथेच आहे, असं मला वाटतं. "आग विझवणं हे दलाचं काम" हे खरंच आहे. पण ते काम दलाने कशाच्या जोरावर करायचं? बंब खाली येऊन उभा राहतो. आग सहाव्या मजल्यावर असेल तर जवानांना पाणी सहाव्या मजल्यावर हवं असतं. तुमचा लाल पाइप जिवंत असेल तर ते होज खांद्यावर टाकून वर येतात, पाचव्या मजल्याच्या व्हॉल्व्हला जोडतात आणि कामाला लागतात. पाइप मेलेला असेल तर खालपासून जिन्यातून होजला होज जोडत वर न्यावा लागतो, तोही धुरातून, आणि त्याच जिन्याने माणसं खाली उतरत असताना. जिन्यातला हायड्रंट मुख्यतः त्या जवानांसाठीच असतो. तो आपण बंद ठेवला आणि मग बंबाची वाट बघत बसलो, तर येणाऱ्या माणसाचे हात आपणच बांधून ठेवले असं होतं. आपल्या भागात बंबही काही दारात उभा नसतो. नगर परिषदेचा बंब घाटीच्या, अरुंद, वळणाच्या रस्त्यांनी येणार. गणपतीत किंवा मे महिन्यात तोच रस्ता गाड्यांनी भरलेला असणार. तुमच्या आवारात, भिंतीजवळ किंवा गेटपाशी, लाल रंगाचं दोन किंवा चार तोंडांचं एक इनलेट असेल. बंबाने बाहेरून तुमच्या पाइपात पाणी ढकलण्याची ती जागा. आज संध्याकाळी खाली उतराल तेव्हा त्याच्यापुढे कोणाची गाडी लागलेली आहे ते पाहा. ती जागा मोकळी करायला एक रुपयाही लागत नाही.

नोटिशीची भीती मी समजू शकते. तुमच्यापुढे खरे पर्याय तीन आहेत. गप्प बसणं हा एक. पण तो आता तुमच्यासाठी उरलेला नाही, कारण तुम्हाला माहीत झालंय. दुसरा, आधी दुरुस्ती करून घ्यायची आणि येत्या जानेवारीत किंवा जुलैत खरा फॉर्म द्यायचा. काम दोनेक महिन्यांत उरकणारं असेल तर मी हाच मार्ग धरेन. तिसरा, काम मोठं निघालं, पाइप बदलायचा आहे, सभा व्हायची आहे, पैसे जमायचे आहेत, तर अग्निशमन विभागाला सरळ पत्र द्यायचं: यंत्रणेत अमुक दोष आढळले, अमुक एजन्सीला काम दिलं आहे, अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल. याने नोटीस येणारच नाही असं नाही. पण कलम 6 ची नोटीस म्हणजे काय काय करायचं आणि किती मुदतीत, हे सांगणारा कागद असतो. ती पाळली नाही तर पुढे पाणी-वीज तोडणं, इमारत रिकामी करून सील करणं इथपर्यंत अधिकार कायद्यात आहेत. काम सुरू केलेल्या सोसायटीला मुदतीचं बोलता येतं. खोटा फॉर्म दिलेल्या सोसायटीला बोलायला काही उरत नाही.

हद्द नगर परिषदेची असेल तर हे सगळं तिथल्या अग्निशमन विभागात. एमआयडीसीच्या क्षेत्रात असाल तर त्यांचं स्वतःचं दल आहे. तुमच्यासारखेच पण ग्रामपंचायत हद्दीत इमारत असलेले वाचक असतील, त्यांनी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाला लेखी विचारून कागद कुठे द्यायचा ते ठरवून घ्यावं. परवानाधारक एजन्सींची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. तुम्हाला फोन करणाऱ्याचं नाव त्या यादीत आहे का आणि परवान्याची मुदत चालू आहे का, हे आधी बघा.

आणि आता यंत्रणेकडे या. एजन्सी येण्याआधी तुम्ही, वॉचमन आणि एखादा धडधाकट सभासद असे तिघे एक सकाळ काढा आणि खालपासून वरपर्यंत सगळं नुसतं पाहून लिहून काढा. काही चालू करू नका, फक्त पाहा.

टाकीपासून सुरुवात करा. आगीची टाकी भरलेली आहे का, झाकण गंजून आत पडलंय का, तळाला गाळ किती. मग पंपाची खोली. बहुतेक सोसायट्यांत खरा दोष इथेच सापडतो आणि तो फार साधा असतो. पॅनलवर ऑटो आणि मॅन्युअल असा स्विच असतो. कधीतरी रात्री पंप आपोआप सुरू झाला, कोणाची झोपमोड झाली, कोणीतरी स्विच फिरवून बंद केला आणि तो तसाच राहिला. यंत्रणा कशी चालते ते माहीत असलं की हे किती घातक आहे ते कळतं. जॉकी नावाचा छोटा पंप पाइपात कायम दाब धरून ठेवतो. वर कोणीही व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो, प्रेशर स्विचला ते कळतं आणि मोठा पंप आपोआप धावतो. स्विच बंदवर असेल तर जवान वर व्हॉल्व्ह उघडेल, पाइपात आहे तेवढं पाणी येईल आणि संपेल. उलट जॉकी पंप सारखा चालू-बंद होत असेल तर पाइप कुठेतरी गळतोय, बहुतेक जमिनीखालचा. पंप बंद करून ती गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

विजेचं तर आवर्जून तपासून घ्या. आग लागली की पहिला माणूस धावत जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडतो, आणि ते बरोबरच आहे. पण फायर पंपाची लाइन त्याच मेनवरून गेलेली असेल तर मेनबरोबर पंपही गेला. पंपाची लाइन मेनच्या आधी, वेगळी घेतलेली असायला हवी. इलेक्ट्रिशियनला हे दाखवायला सांगा, तोंडी होकारावर थांबू नका. आणि डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरी आणि डिझेल. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्या दिवसांत घराघरात मेणबत्त्या आणि जनरेटर चालू होते, आणि विजेवरचा पंप मात्र झोपलेला. डिझेल पंप आठवड्यातून एकदा काही मिनिटं चालवायचा आणि वहीत तारीख टाकायची, हे काम वॉचमनला नीट शिकवता येतं.

मग वर चढा. खारी हवा आपल्याकडे लोखंडाला सोडत नाही. होज बॉक्सची बिजागरी गंजून दार उघडत नाही, काच फुटून आत पाणी जातं, व्हॉल्व्हचं चाक जागच्या जागी घट्ट बसतं. पाइपाला जिथे क्लॅम्प आहेत तिथे रंगाखाली फुगवटे दिसतात का पाहा, बोटाने दाबल्यावर पापुद्रा निघाला तर एजन्सीकडून तिथली जाडी तपासून घ्या. होज उलगडून बघा. ओला गुंडाळलेला होज पावसाळ्यात बुरशी धरतो, घडीवर कुजतो, आणि उंदीर लागला असेल तर तेही उलगडल्याशिवाय कळत नाही. होज आणि नोझलची जोडणी 63 मिलिमीटरची, झटकन बसणारी असते. नवीन घेताना नगर परिषदेच्या बंबाच्या होजशी ती जुळते का, हे दलाच्या माणसाला प्रत्यक्ष जोडून दाखवायला लावा. पितळी नोझल भंगारात विकले जातात, म्हणून ते गायब होतात; बॉक्सला सील लावून दर महिन्याला मोजणी ठेवली की हे थांबतं. यंत्रणेशी छेडछाड करणं, तिची मोडतोड करणं हा कलम 4 प्रमाणे गुन्हा आहे, हे नोटीस बोर्डावर लिहायला हरकत नाही. होज बॉक्ससमोरचे चपलांचे रॅकही त्याच दिवशी हलवायला सांगा.

एजन्सी आल्यावर मात्र पाणी उघडून बघायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा किंवा गच्चीवरचा व्हॉल्व्ह, कारण दाब तिथेच सगळ्यात कमी असतो. होज आणि नोझल जोडलेलं, दोन अनुभवी माणसं धरायला, दाबमापक लावलेला. तिथे दर चौरस सेंटिमीटरला 3.5 किलो दाब मिळायला हवा. व्हॉल्व्ह उघडल्यावर खाली मोठा पंप आपोआप सुरू झाला का, हे पंपाच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाने फोनवर सांगायचं. रहिवाशांनी हा प्रयोग स्वतः करू नये, भरलेला होज हातातून सुटला तर माणसाला फेकून देतो. तुमच्या घरच्यांनी शिकायचं ते बॉक्समधल्या बारीक रबरी होज रीलचं. ती एकटा माणूस ओढू शकतो. तीसुद्धा विजेच्या चालू उपकरणावर मारायची नाही. हा सगळा तपास झाला, दाबाचा आकडा, तारीख आणि हजर असलेल्यांच्या सह्या वहीत आल्या, की मग बी फॉर्म घ्या. फॉर्मवर कुठल्या महिन्याचा दाखला आहे आणि परवाना क्रमांक कोणता, हे वाचून घ्या.

मे महिन्याच्या पाण्याबद्दल. तुम्ही "काय बिघडलं" असं विचारलंत. तहानलेल्या लोकांनी टाकीतलं पाणी काढलं, त्यांना मी दोष देणार नाही. दोष जोडणीचा आहे. नीट बांधलेल्या इमारतीत नळाचं किंवा टँकरचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं आणि ती भरून वाहिलेलं पाणी घरगुती टाकीत जातं. त्यामुळे आगीचा साठा कायम भरलेला राहतो, पाणी फिरत राहिल्याने कुजतही नाही, आणि घरगुती पंपाला तो साठा ओढताच येत नाही. तुमच्याकडे कोणीतरी आगीच्या टाकीत घरगुती पंपाचं सक्शन, म्हणजे पाणी ओढणारा पाइप, सोडलेलं दिसतंय. ते प्लंबरकडून काढून घ्या किंवा राखीव पातळीच्या वर उचलून घ्या. एवढं झालं की दर मे महिन्याला तुमच्या आणि सभासदांच्या मध्ये हा वाद उभा राहणार नाही. टंचाईच्या दिवसांत चाचणीचं पाणी वाया जाईल ही तक्रारही येईल. पाणी पुन्हा टाकीत सोडणारी टेस्ट लाइन आहे का ते विचारा. नसेल तर बसवून घ्या, खर्च जड नाही.

कायद्याने दिलेले दोन महिने, जानेवारी आणि जुलै, किनाऱ्यावर एकसारखे नसतात. जानेवारीत सगळं कोरडं असतं, रंगकाम, पाइपाचं काम, क्लॅम्प बदलणं तेव्हाच करून घ्यावं. जुलैत भर पावसात कोणी पाइपाला रंग लावू शकत नाही; तेव्हा पाहायचं ते पंपाच्या खोलीत पाणी शिरतं का. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी चढली तेव्हा तळमजल्यावरचं सारं पाण्याखाली गेलं. मोटर आणि पॅनल उंच चौथऱ्यावर घेता येतील का, हे तुमच्या इमारतीतही विचारण्यासारखं आहे. या दोन महिन्यांच्या मध्ये मी एक तिसरी तारीख धरायला सांगेन, 14 एप्रिल. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात आणि त्या आठवड्यात दलं ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं करतात. नगर परिषदेला मार्चमध्येच पत्र देऊन ठेवा, आमच्या इमारतीत या म्हणून. बंबवाल्यांना तुमचं इनलेट, जिना आणि गेटची रुंदी आधीच माहीत झाली, तर खऱ्या दिवशी ते शोधाशोध करणार नाहीत.

पैशांचं आणि चाकरमानी सभासदांचं. "आम्ही वर्षातून पंधरा दिवस येतो, आम्ही का द्यायचं" हे तुम्हाला ऐकावं लागलं असेल. त्यांचं बंद घर हाच उलट जास्त धोका आहे: आतला धूर कोणाला लवकर दिसत नाही आणि किल्ली मुंबईत असते. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के जमा व्हायला हवा. तुमच्याकडे तो होतोय का, आणि कुठे आहे, हे आधी पासबुकात बघा. बँकेत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको. समितीला सभेशिवाय दुरुस्तीवर किती खर्च करता येतो, याची मर्यादा उपविधीत आहे. होज, नोझल, सील आणि सर्व्हिसिंग बहुधा त्यात बसेल, ते लगेच करा. पाइप बदलण्यासारखं मोठं काम सर्वसाधारण सभेत न्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि नोटीस पूर्ण 14 दिवसांची लागते. गणपतीत बहुतेक सभासद गावात असतात, तेव्हाच सभा ठेवा आणि सभेआधी त्यांना गच्चीवर नेऊन व्हॉल्व्ह दाखवा. ज्याने ते जागीच घट्ट बसलेलं चाक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो नंतर कोटेशनवर वाद घालताना निदान कशाबद्दल बोलतोय ते जाणून घालतो. कोटेशन तीन घ्या आणि प्रत्येकात वार्षिक देखभाल, दुरुस्ती आणि नवीन सामान असे तीन वेगळे आकडे मागा. "बी फॉर्मसह पॅकेज" अशी एकच रक्कम देणाऱ्याला आधी विचारा की वर्षातून किती वेळा येणार आणि आल्यावर काय काय चालवून बघणार, ते करारात लिहून देतो का.

किनाऱ्यावर लॉज, होमस्टे, छोटी रुग्णालयं चालवणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंचसं लागू आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला जिना कुठे आहे हेसुद्धा माहीत नसतं, म्हणून त्यांची जबाबदारी सोसायटीपेक्षा मोठीच.

शेवटी राजीनाम्याचं. आत्ताच देऊ नका. आधी समितीच्या सभेत हे तीन ठराव मांडा: न येणाऱ्या एजन्सीकडून फॉर्म घ्यायचा नाही, यादीतल्या तीन एजन्सींना प्रत्यक्ष पाहणीला बोलवायचं, इनलेटसमोरची जागा आणि होज बॉक्स मोकळे करायचे. कोणी विरोध केला तर त्याचं नाव आणि कारण इतिवृत्तात लिहा. बऱ्याचदा इतक्यानेच सूर बदलतो, कारण नकार कागदावर यावा असं कोणालाच वाटत नाही. ठराव फेटाळले गेले तर तुमचा विरोध नोंदवा, पाहणीत सापडलेल्या दोषांची यादी फोटोंसह सगळ्या सभासदांना ईमेलने पाठवा आणि त्या कागदावर सही करायला लेखी नकार द्या. तरीही समितीने तुमच्या पदाच्या नावाने तो फॉर्म दाखल करायचं ठरवलं, तर मात्र त्याच दिवशी राजीनामा द्या, आणि राजीनाम्याची प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे पोचवून पोच घ्या.